गुंता, दात आणि उंदीर: हडर्सफील्डच्या टॉफीच्या नोंदी

आमच्या शेजारच्या आजी डिसेंबरात केअर होममध्ये राहायला गेल्या. त्यांचा सात वर्षांचा यॉर्कशायर टेरियर, टॉफी, आम्ही ठेवून घेतला. आमचं हडर्सफील्ड इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात आहे, आणि आजींनी इथल्याच एका लोकरीच्या गिरणीत ३१ वर्षं मेंडिंग केलं. मागावरून उतरलेल्या कापडावरून बोटं फिरवायची, गाठ लागली की ती उपसायची, तुटलेली तार सुईनं भरायची. त्याच बोटांना पुढे संधिवात झाला आणि शेवटचं वर्षभर टॉफीच्या अंगावरून फणी फिरली नाही.

मी इचलकरंजीची. आमच्याकडे घरामागेच माग होते, त्यामुळे मेंडिंग हा शब्द मला इथे येऊन शिकावा लागला नाही. कुत्रं मात्र मी आयुष्यात कधी पाळलं नव्हतं. अशाच अवस्थेतलं, वयानं मोठं यॉर्की (यॉर्कशायर टेरियरला इथे असंच म्हणतात) कुणी घरी आणलं तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते आहे. चुका मुद्दाम खोडल्या नाहीत, कारण वेळ आणि पैसा त्यांच्यातच गेला.

६ जानेवारी २०२४, शनिवार

वजन ४.१ किलो. मी त्याला घेऊन काट्यावर उभी राहिले, मग एकटी, आणि वजाबाकी केली. कुत्र्यांच्या जातींची मापं ठरवणाऱ्या ब्रिटिश केनेल क्लबच्या मापात हे कुत्रं ३.२ किलोपर्यंतचं असतं. टॉफी हाडानंच थोडा मोठा आहे, पण पोटही सुटलं आहे.

वरून पाहिलं तर केस बरे वाटतात. हात आत घातला की खाली बुरणूस लागतो, लोकर दाबून केल्यासारखा एकसंध. काखेत, कानांमागे, मागच्या मांड्यांना आणि शेपटीखाली कातडी कुठे संपते ते बोटांना कळत नाही. तोंडाला कुजका वास. खालचे पुढचे दात पिवळ्या थराखाली दिसतच नाहीत.

आणलेलं सामान: बारीक तारांचा स्लिकर ब्रश ९ पौंड, लांब पिनांचा ब्रश १२, स्टीलची फणी ७. एकूण २८ पौंड.

७ जानेवारी

पहिली चूक. वास सहन होईना म्हणून आंघोळ घातली. आधी धुऊ, केस मऊ पडतील, मग विंचरू असा विचार केला. ओला गुंता वाळताना आवळतो. काल ज्या जटेत निदान बोटाचं टोक शिरत होतं, ती संध्याकाळी खडा झाली. साबणही आत अडकून राहिला, त्यामुळे तो रात्रभर खाजवत होता.

रात्री आप्पांना (माझ्या वडिलांना) व्हिडिओवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून जवळून पाहिलं.

"काय करालीस हे? ताण्याचा गुंता झाला तर त्यावर पाणी मारतेस का? आधी टोक शोध. टोकाकडनं सोडवत आत जायचं. मुळातनं ओढलंस तर दहा तारा तुटतील."

कुत्र्यांचे केस कापणाऱ्या इथल्या बाईंनी फोनवर अगदी हेच सांगितलं: गुंता पूर्ण निघाल्याशिवाय पाणी नाही. आणि त्याच्या बाहेरच्या टोकापासून सुरुवात.

८ ते १२ जानेवारी

रोज अर्धा तास. कोरडा केस ब्रशनं तुटतो, म्हणून कंडिशनरचा हलका फवारा मारते. एका हातानं जट मुळाशी घट्ट धरायची, म्हणजे ओढ कातडीवर न येता माझ्या बोटांवर येते. दुसऱ्या हातानं फणीच्या कोपऱ्यानं टोकाकडून एकेक बट सोडवायची. जिथे फवाऱ्यानं काम होत नाही तिथे कॉर्नफ्लोअर चोळलं. त्यानं केस केसावरून सरकतो. सुताला खळ कशासाठी लावतात ते लहानपणापासून पाहिलं होतं, तरी हे मला स्वतःहून सुचलं नाही. केस कापणाऱ्या बाईंनीच सांगितलं.

पाच दिवसांत पाठ आणि उजवी बाजू मोकळी झाली.

११ तारखेला दुसरी चूक, आणि ही मोठी. डाव्या कानामागची जट सुटेना म्हणून कात्रीनं कापायला गेले. जट केसांबरोबर कातडीही वर ओढून घेते, हे मला माहीत नव्हतं. जी घडी मी केसांची समजले तिच्यात कातडी होती. सेंटिमीटरभर चीर पडली. टॉफी ओरडला आणि सोफ्याखाली जाऊन बसला. डॉक्टरांनी जखम साफ करून औषधी गोंदानं चिकटवली. ६८ पौंड. पैशांचं काही नाही, पण माझ्या हातात फणी दिसली की तो त्यानंतर दीड महिना थरथरत होता, आणि ते माझ्यामुळे.

यॉर्कीच्या जटेला कात्री लावू नका. एवढं एकच वाक्य कुणी या नोंदींतून उचललं तरी चालेल.

१५ जानेवारी

उरलेलं काम सोडून दिलं. काखा, पोट, मांड्या, पाय यांवरचे केस त्या केस कापणाऱ्या बाईंकडून मशीननं उतरवून घेतले. तीन तास लागले, ५५ पौंड. आठवडाभर राबून मोकळी केलेली पाठही एकसारखी व्हावी म्हणून कापावी लागली. पहिल्याच दिवशी गेले असते तर आठवडा वाचला असता आणि कानही. केस वाचवायचा हट्ट माझा होता, त्याला त्याचं काय?

बुरणुसाखाली कातडी लाल आणि ओलसर निघाली, मांडीच्या सांध्याशी दोन ठिकाणी सोललेली. म्हणजे चालताना प्रत्येक पावलाला त्याला ओढ बसत होती. एवढे दिवस आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. घरी आल्यावर तो बैठकीत गोल गोल पळाला.

आता खरा रंग दिसतो. पाठ पोलादी निळी-राखाडी, डोकं आणि पाय तांबूस. या जातीची पिल्लं जन्मतात काळी आणि तांबडी, निळा रंग पुढे चढतो. बहुतेक कुत्र्यांच्या अंगावर वरचे राठ केस आणि खालची मऊ लव असे दोन थर असतात. याला तो खालचा थरच नाही. एकेरी, रेशमासारखा, सतत वाढणारा केस. म्हणून घरभर केस गळत नाहीत, आणि म्हणूनच सुटलेला केस खाली न पडता अंगावरच गुंततो.

२१ जानेवारी

कागदपत्रं. इंग्लंडमध्ये २०१६ पासून कुत्र्याला मायक्रोचिप सक्तीची आहे आणि चिपच्या नोंदीत सध्या सांभाळणाऱ्याचं नाव असावं लागतं. ते बदलायला १९ पौंड. तपासणी आणि लसी मिळून १२७. लसी चुकल्या होत्या, त्यामुळे लेप्टोस्पायरोसिसची पहिल्यापासून, चार आठवड्यांच्या अंतरानं दोन वेळा. हा रोग उंदरांच्या मुतातून पसरतो. पुढे मेमध्ये हा खर्च किती योग्य होता ते कळलं.

विमाही आजच काढला, महिना २७ पौंड. आधीपासूनचे आजार त्यात धरत नाहीत, म्हणजे दात बाहेर राहिले.

३ फेब्रुवारी

दात. कुत्र्याला मोठेपणी ४२ दात असतात. ते एवढ्याशा जबड्यात बसवायचे म्हणजे दाटी होतेच, आणि दाटीत अन्न अडकतं. शिवाय या जातीत दुधाचे दात वेळेवर पडत नाहीत. टॉफीचे वरचे दोन्ही दुधाचे सुळे सात वर्षांनंतरही तसेच होते, पक्क्या सुळ्यांना चिकटून. ते पिल्लू असतानाच काढायला हवे होते. पिल्लू आणणाऱ्यांनी सात-आठ महिन्यांचं झालं की ओठ वर करून पाहावं.

भूल देण्याआधी रक्त तपासलं. यॉर्कींमध्ये जन्मतः एक दोष बराच आढळतो, ज्यात आतड्याकडून येणारं रक्त यकृताला वळसा घालून जातं. तसं असेल तर भूल झेपत नाही. टॉफीचं यकृत ठीक निघालं. अकरा दात काढले, बाकीचे घासले. ६९० पौंड, सगळे खिशातून.

दुसऱ्या दिवशी त्यानं वाटी चाटून पुसून साफ केली. आजी म्हणायच्या की तो खाण्याच्या बाबतीत चोखंदळ आहे. त्याचं तोंड दुखत होतं.

घासण्याची सवय कशी लावली ते लिहिते. पहिला आठवडा फक्त ओठ उचलायचा आणि सोडायचा. दुसरा आठवडा बोटावर कुत्र्यांची पेस्ट. तिसऱ्या आठवड्यात लहान ब्रश, फक्त बाहेरची बाजू. माणसांची पेस्ट अजिबात नाही. तिच्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) असलं तर कुत्र्याच्या जिवावर बेततं.

११ फेब्रुवारी

आज तो निखिलला (माझ्या नवऱ्याला) चावला. सोफ्यावरून खाली ठेवायला गेला तेव्हा. रक्त आलं नाही, पण इशारा स्पष्ट होता. दार वाजलं की पाच-पाच मिनिटं भुंकतो. पोस्टमन आला की दाराच्या फटीवर झेप घेतो. फणी काढली की गुरगुरतो. ओवी (आमची मुलगी, वय १०) त्याला दिवसभर उचलून फिरवते, पांघरुणात गुंडाळते. तोही बाळासारखा पडून राहतो आणि अचानक दात दाखवतो.

महिनाभर आम्ही फक्त त्याच्या अंगाकडे पाहिलं. तो कुत्रा कसला आहे हे कुणी विचारलंच नाही. पुढच्या शनिवारी ओवीला घेऊन ग्रंथालयात जाते.

१७ फेब्रुवारी

स्थानिक इतिहासाच्या कपाटापाशी तीन तास. जे सापडलं ते या कामाच्या दृष्टीनं लिहिते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडचे विणकर कामाच्या शोधात यॉर्कशायर आणि लँकाशायरच्या गिरण्यांकडे उतरले. सोबत त्यांची लहान टेरियर कुत्री आली: पेझ्ली, क्लाइड्सडेल. या जाती आज उरलेल्या नाहीत. गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत उंदीर मातले होते, आणि ही कुत्री उंदीर मारायला ठेवलेली. त्यांच्या मिसळणीतून हळूहळू आजचा यॉर्की घडला. सुरुवातीच्या प्रदर्शनांत त्याला स्कॉच टेरियरच म्हणत. १८७० च्या सुमाराला, ही जात आता यॉर्कशायरमध्येच घडली आहे तर नावही तेच हवं, हे मान्य झालं. केनेल क्लबची मान्यता १८८६ ची.

ओवीनं माझी बाही ओढली ती या ओळीवर: आजच्या सगळ्या यॉर्कींचा मूळपुरुष मानला जाणारा कुत्रा आमच्याच गावचा. हडर्सफील्ड बेन. जन्म १८६५, ईस्टवूड नावाच्या इथल्या माणसाकडे. मालकीण ब्रॅडफर्डच्या फॉस्टरबाई. जेमतेम सहा वर्षं जगला. १८७१ मध्ये गाडीखाली सापडला. तेवढ्यात सत्तरहून जास्त बक्षिसं, आणि ती नुसती रूपाची नव्हती, उंदीर मारण्याच्या शर्यतींतलीही होती. स्वतः तो आजच्या मापापेक्षा मोठा होता, पण त्याची पिल्लं लहान निघत आणि त्यांची पिल्लंही लहानच. त्यामुळे जातीचं माप ठरलं.

विणकरांनी पाळलेलं, उंदीर मारणारं कुत्रं. माझ्या आजोबांच्या मागाखाली असं एखादं असतं तर त्याला कुणी पांघरुणात गुंडाळलं नसतं. घरी येऊन ओवीला सांगितलं: आजपासून टॉफी स्वतःच्या पायानं चालणार.

१८ ते २९ फेब्रुवारी

बदललेलं:

सकाळ-संध्याकाळ पंचवीस मिनिटं कालव्याकाठच्या वाटेनं, त्याच्या चालीनं. झुडपात नाक खुपसून दोन मिनिटं थांबला तर आम्हीही थांबतो. जेवणाचा अर्धा भाग वाटीत न देता मागच्या अंगणात गवतावर विखरून, शोधून खायला. सोफ्यावरून उतरवायचं तर हात न लावता "खाली" म्हणायचं आणि उतरला की खाऊ. खालून उचलायचं तर आधी "वर?" म्हणून विचारायचं, आणि तो पाय उचलेपर्यंत हात लावायचा नाही.

विंचरण्याची जागा मांडीवरून टेबलावर हलवली, खाली रबरी चटई. मांडी ही त्याची झोपायची जागा, तिथे फणी आली की त्याला विश्वासघात वाटतो असं माझं मत झालं आहे. पहिल्या दिवशी फणी नुसती टेबलावर ठेवली आणि बाजूला खाऊ. तिसऱ्या दिवशी पाठीवरून दोनदा. रोज एकच पाय, पाच मिनिटं, मग कितीही बाकी असलं तरी बंद. आठव्या दिवशी त्यानं हनुवटी माझ्या मनगटावर टेकवली.

भुंकणं निम्मं झालं. पूर्ण जाईल असं वाटत नाही. दारावर कुणी आलं हे सांगणं त्याच्या रक्तात आहे. आता तो सांगतो, मी "कळलं" म्हणते, तो त्याच्या चटईवर जातो. दहातल्या सात वेळा.

३ मार्च, रविवार

लसीकरणाचा कागद दाखवल्यावर केअर होमनं टॉफीला आत सोडलं. आजी खिडकीशी बसल्या होत्या. तो मांडीवर चढला आणि त्यांच्या हाताखाली डोकं घालून गप्प बसला. त्यांनी पाठीवर हात फिरवला, आणि तो मध्येच थांबला. केस दीड सेंटिमीटर होते.

"याचे केस कुठे गेले?"

मी सांगितलं, गुंता, कातडी, सगळं. कानाचंही सांगितलं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या हातून राहिलं."

मला सुचेल ते बोलले. गाडीत बसल्यावर ओवी रडली.

१६ मार्च

घसा आणि गुडघा.

पट्ट्याला दोरी लावून फिरवत होतो. सायकल दिसली की तो झेपावतो, आणि मग बदकासारखा खोकतो. या जातीत श्वासनळीच्या कुर्च्या नाजूक असतात, वय वाढेल तशी नळी चपटी होत जाते, आणि गळ्यावरचा ताण तिला आणखी दाबतो. छातीवरून जाणारा हार्नेस घेतला, १८ पौंड. खोकला चार दिवसांत जवळजवळ थांबला. पट्टा आता फक्त नावाच्या बिल्ल्यापुरता. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

जिना चढताना मधूनच डावा मागचा पाय उचलून दोन-तीन पावलं लंगडतो आणि पुन्हा नीट चालतो. डॉक्टरांनी हातानं दाबून पाहिलं: गुडघ्याची वाटी खाचेतून सरकते. या त्रासाच्या चार पातळ्यांपैकी दुसरी. शस्त्रक्रिया सध्या नको, वजन उतरवा, उड्या बंद करा. आमचं गाव सगळं चढउताराचं आणि घरात दोन जिने. जिन्याला जाळीचं फाटक लावलं (ओवीच्या लहानपणचं होतंच), सोफ्याला उशांची पायरी केली. वजन ३.८.

१४ एप्रिल

तिसरी मोठी चूक. आई (माझ्या सासूबाई) सांगलीहून तीन महिन्यांसाठी आल्या आहेत. टॉफी त्यांच्या पायाशी बसून राहतो आणि त्यांना ते फार आवडतं. आठवडाभर त्या त्याला पोळीचा तुकडा तूप लावून देत होत्या. मला दिसत होतं. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट कुत्र्याला विष आहे एवढं मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुपाबद्दल बोलले नाही. थोडंसं तर आहे, असं वाटलं.

काल रात्री चार उलट्या. पहाटे पुढचे पाय पसरून, छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग वर ठेवून तो उभा राहिला आणि तसाच राहिला. आई म्हणाल्या, आळस देतोय. डॉक्टर म्हणाले, पोट फार दुखत असलं की कुत्रं असं उभं राहतं. स्वादुपिंडाला सूज. यॉर्कींना हा त्रास लवकर होतो आणि चरबीचं खाणं निमित्त ठरतं. दोन रात्री सलाइन आणि वेदनाशामकं.

आई देवापुढून उठेनात. चूक त्यांची नव्हती, मला ठाऊक होतं की तो आधीच जाड आहे आणि तरीही मी गप्प बसले.

विम्यामुळे आम्हाला १२० पौंडच भरावे लागले, बाकी कंपनीनं भरलं. जानेवारीत काढला नसता तर हजाराच्या वर गेलं असतं.

२१ एप्रिल

घरी. कमी चरबीचं खाणं, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. लहान अंगाच्या कुत्र्याला उपाशी ठेवणंही बरं नाही, पिल्लांची तर साखर झपाट्यानं उतरते. आई आता त्याला उकडलेल्या गाजराच्या चकत्या देतात, मोजून सहा. तोही तेवढ्याच आनंदानं शेपटी हलवतो.

१२ मे, रविवार

मागच्या अंगणातल्या लाकडी शेडखाली उंदीर झाले आहेत. पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्यांची सांड खाली पडते, त्यामुळे. शेजाऱ्यांनी विषाच्या गोळ्या देऊ केल्या, मी नको म्हटलं. विष खाऊन मरायला टेकलेला उंदीर टॉफीनं धरला तर ते त्याच्याही पोटात जाईल.

आज दुपारी निखिल शेडची खालची फळी काढत होता. टॉफी हार्नेसमध्ये, दोरी माझ्या हातात. फळी निघाली आणि तो थिजला. एक पंजा वर, कान उभे, शेपूट ताठ. चार महिन्यांत मी त्याला असा स्थिर पाहिला नव्हता. मग दोरी माझ्या हातातून गेली. शेडखालून जुन्या नळाचा तुकडा जातो, हातभर रुंदही नाही. त्यातून आवाज आला, एकच. तो उलटा सरकत बाहेर आला तेव्हा तोंडात मेलेला उंदीर होता. मानेला एक झटका, संपलं. त्यानं तो निखिलच्या बुटापाशी ठेवला आणि पुन्हा नळाकडे पाहत बसला.

ओवीला शिसारी आली. आई "अगं बाई" म्हणून आत गेल्या. मी मात्र त्याच्याकडे बघत राहिले. अकरा दात गेलेले, गुडघा सरकणारा, सात वर्षं गालिच्यावर वाढलेला. हे काम त्याला कुणी शिकवलं होतं?

रात्री ओवीला दुसऱ्या महायुद्धातल्या स्मोकीची गोष्ट सांगितली. १९४४ मध्ये न्यू गिनीच्या जंगलात सापडलेली यॉर्की, वजन पावणेदोन-दोन किलो. अमेरिकेच्या हवाई दलातल्या विल्यम विन यांनी तिला सांभाळलं. फिलिपिन्समधल्या लिंगायेनच्या धावपट्टीखाली टेलिफोनची तार न्यायची होती. तिथे सत्तर फूट लांब आणि आठ इंच रुंद नळ होता, जागोजागी माती साठलेला. स्मोकीच्या पट्ट्याला दोरा बांधला, विन पलीकडच्या तोंडाशी बसून तिला हाका मारत राहिले, आणि ती तार घेऊन पलीकडे निघाली. नाही तर धावपट्टी खणावी लागली असती. ओवी म्हणाली, मग टॉफीला नळाची भीती कशी वाटेल!

काम म्हणून: तोंड आणि पंजे कोमट पाण्यानं धुतले, चावा आहे का पाहिलं, नव्हता. लेप्टोची लस झालेली, म्हणून झोप लागली. दुसऱ्या दिवशी दाण्यांची टांगणी काढली आणि शेडच्या कडेनं जमिनीत वीतभर खोल तारेची जाळी पुरली, २४ पौंड. टॉफी आता रोज सकाळी शेडला एक फेरी मारतो. ती त्याची नोकरी आहे असं आम्ही मानतो, आणि तिच्यानंतर विंचरायला तो अगदी शांत बसतो.

९ जून

केस पाच सेंटिमीटर. पट्टीनं मोजत आले, महिन्याला एक ते सव्वा वाढतात. आता प्रश्न: किती वाढवायचे?

प्रदर्शनातले यॉर्की जमिनीपर्यंत केसांचे असतात, मधोमध भांग. १९९७ मध्ये कुत्र्यांच्या क्रफ्ट्स प्रदर्शनाचा सर्वोच्च मान एका यॉर्कीनं मिळवला, त्याची छायाचित्रं पाहताना श्वास रोखला जातो. पण ते केस टिकवायला बटा कागदात गुंडाळून बांधून ठेवतात, तेल लावतात, रोज सोडून पुन्हा बांधतात. आमचा कुत्रा नळात शिरतो. अंगावर पाच सेंटिमीटर, पाय आणि पोट त्याहून कमी, कानांच्या टोकाकडच्या तिसऱ्या भागावरचे केस कापून साफ. डोळ्यांवर येणारे केस मात्र न कापता वर बांधतो, कापले की खुंट डोळ्यांत टोचतात. रबर रोज काढायचं. रात्री तसंच राहिलं तर सकाळी त्याच्याभोवती गाठ झालेली असते.

रोज आठ मिनिटं विंचरणं, फणी मुळापासून टोकापर्यंत अडखळता कामा नये. आंघोळ तीन आठवड्यांनी, आणि ती विंचरल्यानंतरच. वजन ३.५, डॉक्टर म्हणतात इथेच थांबवा. लंगडणं आठवड्यातून एखादवेळा.

आतापर्यंतचा खर्च १,१४९ पौंड, विमा आणि खाणं सोडून. त्यातले ६८ केवळ माझ्या कात्रीचे आणि १२० माझ्या गप्प बसण्याचे.

ज्या कुणाला फार लहान, कपात मावणारं यॉर्की हवं असेल त्यांना विनंती: तशी वेगळी जात नाही. लहानात लहान पिल्लं निवडून वाढवलेली असतात, आणि गुडघा, श्वासनळी, दात, साखर हे जे सगळं मी वर लिहिलं ते त्यांच्यात आणखी वाढतं. हडर्सफील्ड बेनला हे कळलं असतं तर त्यानं काय म्हटलं असतं, असं ओवी विचारते.

७ जुलै, रविवार

आजींकडे. मुद्दाम काल आंघोळ घातली, आज सकाळी पंधरा मिनिटं विंचरलं, लाल रबरानं शेंडी बांधली. पाठीचा निळा रंग उन्हात चमकत होता. जाताना आईही आल्या. त्यांना इंग्रजी येत नाही आणि आजींना मराठी, पण दोघी शेजारी बसल्या.

टॉफी मांडीवर गेला. आजींनी डोळे मिटले आणि दोन्ही हात त्याच्या अंगात घातले. वाकडी झालेली बोटं, पण चाल तीच: बोटांची टोकं फक्त, अगदी हलकी, रांगेनं, मानेपासून शेपटीपर्यंत, मग परत. ही चाल मी लहानपणी आमच्या गल्लीत मेंडिंगला बसलेल्या बायकांच्या हातांत पाहिली आहे. आईंनी माझ्याकडे पाहिलं.

डाव्या कोपरामागे बोटं थांबली.

"इथे आहे एक," आजी म्हणाल्या.

मी हात लावून पाहिला, मला लागली नाही. त्यांनी माझं बोट धरून नेमकं तिथे ठेवलं. हार्नेसचा पट्टा जिथे घासतो तिथे, मुळाशी, मुगाच्या दाण्याएवढी.

फणी पिशवीत होती. आजींनी ती मागून घेतली, पण बोटांत धरता येईना, तेव्हा जट त्यांनी मुळाशी दाबून धरली आणि फणी मी चालवली. टोकाकडून. टॉफी हलला नाही. वेळ चार मिनिटं.

आजपासून फिरून आल्यावर हार्नेस काढायचा, आणि पट्ट्याखालची जागा बोटांनी तपासायची, डोळे मिटून.